कोणती कावीळ?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला एआयवर बोलायला सांगितलं होतं. ‘तू सॉफ्टवेअरमधली, तूच बोल’ असा आग्रह होता. पण एआयवर आता सगळेच बोलतात, आणि जेवणात तांबडा-पांढरा झाल्यावर तो विषय कुणाच्या डोक्यात शिरेल असं मला वाटत नाही. म्हणून मी कावीळ हा विषय घेतला आहे. हसू नका. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आलो आहोत, हा आपल्या कामाचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. आपल्या वर्गातले तीन डॉक्टर समोर बसलेत, चुकले तर हात वर करतील. मी ज्या कंपनीत काम करते तिथं रोगनिदान प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर तयार होतं. रक्ताची नळी आली की तिला क्रमांक द्यायचा, ती कुठल्या कपाटात, कुठल्या खणात, किती अंश थंडीत ठेवली याची नोंद ठेवायची, आणि दहा वर्षांनी मागितली तरी सापडली पाहिजे अशी व्यवस्था करायची. या कामासाठी जुने शोधनिबंध चाळताना एका शीर्षकात मला ‘कोल्हापूर सिटी’ हे शब्द दिसले. आपल्या गावाचं नाव कुठंही दिसलं की आपण थांबतोच. मीही थांबले.

तो निबंध १९८४ साली ‘जर्नल ऑफ हायजीन’ या इंग्लंडच्या नियतकालिकात आला होता. कोल्हापूर शहरात पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीचा रक्ताच्या नमुन्यांवरून केलेला अभ्यास, असा त्याचा विषय. लिहिणारे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले डॉ. एम. ए. श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी. साथ १९८१ सालची. माझा जन्म त्याच वर्षाच्या शेवटचा. आई सांगायची की त्या वर्षी घरात पाणी उकळून, पंचा बांधून गाळून घ्यायचे आणि तिला बाहेरचं पाणी पिऊ द्यायचे नाहीत. मला ती आजीची कटकट वाटायची. निबंध वाचल्यावर कळलं की आजी बरोबर होती. का, ते पुढं सांगते.

आता मूळ मुद्दा. आमच्या कामात ग्राहकाचा फोन येतो, ‘मॅडम, सिस्टीम चालत नाही.’ यातून काहीच कळत नाही. वीज गेली, नेटवर्क गेलं, डिस्क भरली, की कुणी वायर काढून चार्जर लावला? ‘चालत नाही’ हे लक्षण झालं, बिघाड अजून शोधायचा असतो. ‘कावीळ झाली’ हेही तसंच वाक्य आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं, यकृत ते उचलून पित्तात घालतं आणि पित्तनलिकेतून आतड्यात सोडतं. बाईंनी फळ्यावर यकृताची आकृती काढून एकेका भागाला बाण काढायला लावले होते आणि बाण चुकला की अर्धा गुण कापला होता, आठवतंय ना? त्या वाटेवर कुठंही अडलं की पिवळं द्रव्य रक्तात साठतं आणि डोळे पिवळे होतात. यकृताला सूज असेल, नलिकेत खडा असेल, नलिकेत गाठ असेल, डोळे तेवढेच पिवळे दिसतात. ‘कोणती कावीळ?’ हे विचारल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. आणि हा साधा प्रश्न नीट विचारायला शास्त्रज्ञांच्या एका पिढीचं आयुष्य गेलं. त्यातला मोठा भाग आपल्याकडं, पुण्यात घडला.

सुरुवात दिल्लीची. १९५५च्या पावसाळ्यात यमुनेला पूर आला, प्रवाह सरकला, आणि शहराचं सांडपाणी उलटं फिरून पिण्याचं पाणी जिथून उचलायचे तिथं पोहोचलं. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात २९ हजारांहून जास्त लोकांना कावीळ झाली. पाण्यातून होते ती कावीळ म्हणजे ‘संसर्गजन्य कावीळ’, पुढं जिला हिपॅटायटिस ए म्हणू लागले ती, असं सगळ्यांनी धरून टाकलं. प्रकरण मिटलं. फक्त कुणीतरी त्या रुग्णांच्या रक्ताचे काही नमुने जपून ठेवले.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा माणूस तो आहे, ज्याचं नाव मला माहीत नाही. त्या वेळी त्या रक्तात काय शोधायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ए विषाणू दिसला १९७३मध्ये, त्याच्या चाचण्या त्यानंतर आल्या. तरीही नमुना टाकला नाही. पंचवीस वर्षांनी, १९८०मध्ये, पुण्याची विषाणू संस्था आणि अमेरिकेतले शास्त्रज्ञ यांनी मिळून दिल्लीचे जुने नमुने आणि अहमदाबादच्या १९७५-७६च्या साथीतले नमुने नव्या चाचण्यांवर घातले. उत्तर आलं : ए नाही. बीसुद्धा नाही. त्याच वर्षी काश्मीरमधले डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही १९७८च्या तिथल्या साथीबद्दल हेच स्वतंत्रपणे लिहिलं. ते डॉक्टर, खेड्यापाड्यात फिरून घरोघर पिवळे डोळे मोजणारे. त्यांच्या लक्षात आलं होतं की गरोदर बायका या साथीत फार मरतात.

खरं तर संशय आधीच यायला हवा होता. आपल्याकडं त्या काळी जवळजवळ प्रत्येक मुलाला लहानपणीच ए होऊन जायचा, बहुतेकदा नकळत, आणि पुन्हा होत नसे. मग साथीत पंचविशी-तिशीतले तरणेबांड लोक धडाधड पिवळे का पडावेत? आकडे समोर होते, पण उत्तर माहीत आहे असं वाटत असलं की आकड्यांकडं कोण बघतो.

विषाणू कुठला, ते मात्र कळत नव्हतं. मिखाईल बलायान नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञानं तर रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन कावीळ करून घेतली आणि स्वतःच्या विष्ठेत विषाणूचे कण पाहिले. (जेवण झाल्यावर हे सांगतेय, माफ करा.) ते १९८३मध्ये छापून आलं. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या चमूनं, कुणाला काही न पाजता, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तसे कण दाखवले. युक्ती सुंदर आहे. विष्ठेत हजार तऱ्हेचे बारीक कण असतात, त्यात विषाणू ओळखायचा कसा? साथीतून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं असतात. ते रक्तद्रव त्यात मिसळायचं. प्रतिपिंडं फक्त आपल्या शत्रूला धरतात, त्यामुळं विषाणूंचे तेवढे घोळके होतात. गर्दीत आपला माणूस ओळखायला त्याच्या ओळखीच्यालाच पाठवायचं, असं समजा.

या कामातलं एक नाव आज तुम्ही लक्षात ठेवा : डॉ. विद्या अरणकल्ले. १९८८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या कणांचा आणि रोगाचा संबंध सांगणारा निबंध आला, त्यावर पहिलं नाव त्यांचं. बरोबर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे रॉबर्ट पर्सेल होते, आणि डॉ. खोर्शेद पावरी होत्या. पावरी या पुण्याच्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. १९९०मध्ये अमेरिकेत या विषाणूचा जनुकीय नकाशा हाती लागला आणि हिपॅटायटिस ई हे नाव रूढ झालं. मग अरणकल्लेबाईंनी जे केलं ते मला माझ्या धंद्यामुळं जास्त कळतं : देशभरातल्या जुन्या साथींचे साठवलेले नमुने काढून पुन्हा तपासले. बहुतेक सगळ्यांत ई सापडला. अंदमानातली एक साथ मात्र ना एमध्ये बसली ना ईमध्ये, आणि त्यांनी ती तशीच, न बसणारी म्हणून लिहिली. हे करायला धाष्टर्य लागतं. आमच्याकडं अशी एखादी ओळ दिसली की लोक ती ‘नॉइज’ म्हणून पुसून टाकतात.

पुढं त्यांच्या गटानं डुकरांतला ई विषाणू तपासला. जगभरात तेव्हा चर्चा होती की हा रोग डुकरांकडून येतो. पश्चिम भारतात त्यांना दिसलं की डुकरांतला प्रकार वेगळा आणि माणसांतला वेगळा. म्हणजे आपल्याकडच्या साथींचं खापर डुकरांवर फोडता येत नाही. आपल्याला हा रोग आपल्याच सांडपाण्यातून मिळतो.

आता आजीकडं येते. ई कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. औषधही विशेष नसतं, विश्रांती आणि लक्ष ठेवणं. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर यकृत एकाएकी निकामी होऊ शकतं. काही साथींत अशा शंभर बायकांमधल्या वीस-पंचवीस दगावल्या आहेत. हे असं का होतं याचं पूर्ण उत्तर अजून सापडलेलं नाही. १९८१मध्ये कोल्हापुरात तर या विषाणूला नावही नव्हतं. आजीला एवढंच कळत होतं की पोटुशी बाई आणि कावीळ हे एकत्र येऊ द्यायचं नाही, आणि ते पाण्यात आहे.

पाणी हा तर आपल्या गावाचा जुना विषय. थेट पाइपलाइनच्या आंदोलनात इथल्या निम्म्या लोकांनी घोषणा दिल्या असतील. काळम्मावाडीचं पाणी अखेर २०२३मध्ये आलं. पण आपलं सांडपाणी जयंती नाल्यातून कुठं जातं? पंचगंगेत. आणि खाली कोण आहे? इचलकरंजी. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, हजारो आजारी पडले, माणसं गेली. आपल्यातल्या दोघींचं सासर तिथलं आहे, त्यांना मी सांगायला नको. १९८१मध्ये शास्त्रज्ञांना विषाणू माहीत नव्हता. २०१२मध्ये त्याचं नाव, गाव, जनुकं, वाट सगळं माहीत होतं.

बी काविळीबद्दल थोडक्यात, पण हे वहीत लिहून घ्या. ही पाण्यातून येत नाही. रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला येते, आणि काही जणांत वर्षानुवर्षं गुपचूप राहते. पुढं यकृत आकसतं किंवा यकृताचा कर्करोग होतो. हा विषाणू सापडला तो बरूक ब्लूमबर्ग नावाच्या अमेरिकन डॉक्टरला, तेही कावीळ शोधताना नव्हे. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांच्या रक्तात काय फरक असतात हे ते बघत होते आणि एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन मिळालं. १९७६चं नोबेल त्यांना मिळालं. त्या प्रथिनापासून लस झाली. तैवाननं १९८४पासून नवजात बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झाला. एका लसीनं कर्करोग कमी होतो, हे जगानं तिथं पहिल्यांदा पाहिलं.

आपल्या मुलांना ही लस मिळाली आहे. आपल्याला नाही, कारण आपण जन्मलो तेव्हा ती सरकारी यादीत नव्हती. आणि आपल्या लहानपणी काचेची सिरिंज एका भांड्यात उकळून सगळ्या वाड्याला इंजेक्शनं देत, ते आठवा. गुजरातमध्ये मोडासा इथं २००९मध्ये बी काविळीची साथ आली, बरेच लोक मेले. तिचा अभ्यास करणाऱ्यांत पुन्हा अरणकल्लेबाई होत्याच, आणि धागा नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजपर्यंत गेला. तेव्हा एक रक्ततपासणी करून घ्या, बी आहे का. नसेल तर सहा महिन्यांत तीन डोस. असेल तर घाबरू नका, आता त्यावर गोळ्या आहेत, पण माहीत पाहिजे.

आणि आता तिसरी, जिच्यामुळं मी हा विषय घेतला.

माझा मामा कागल तालुक्यातला. शेतकरी, तब्येतीनं पैलवान, आयुष्यात कधी दवाखान्यात गेला नाही. साठीला आला आणि डोळे पिवळे झाले. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता. अंगाला खाज मात्र इतकी की रात्री झोपेना. घरच्यांनी कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. तुम्हाला माहीत आहे तो प्रकार : गळ्यात मुळ्यांची माळ, ती रोज लांबत जाते, म्हणजे कावीळ उतरली. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं होतं, म्हणजे कावीळ उतरली. हातांना आधी झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, त्यानं चुन्याची निवळी पिवळी होते. तुमचे-माझे हात धुतले तरी होईल. पण त्या माणसावर लोकांचा विश्वास का बसतो, तेही समजून घ्या. त्याच्याकडं येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ए नाहीतर ई झालेली असते. ती आपोआपच बरी होते. तो लबाड असो की भोळा, त्याचा निकाल चांगलाच लागतो. दहावा माणूस परत सांगायला येत नाही.

मामा दहावा होता. मला पुण्याला फोन आला तोवर सात आठवडे झाले होते. मी मामीला विचारलं, संडासचा रंग कसा आहे? ती लाजली, मग म्हणाली, पांढरट, मातीसारखा. लघवी चहासारखी. पित्त आतड्यात उतरतच नव्हतं, म्हणून रंग नव्हता. जे खाली जायचं ते रक्तात चाललं होतं, म्हणून खाज. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली, आणि पुढच्या तपासण्यांत तिच्या तोंडाशी गाठ. मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत नळी बसवली, कावीळ उतरली, खाज थांबली. पण गाठ यकृताच्या रक्तवाहिन्यांपर्यंत गेली होती, काढता आली नाही. त्यांनी विचारलं, दोन महिने आधी का नाही आलात? मामी म्हणाली, औषध चालू होतं की. सहा महिन्यांनी मामा गेला. दोन महिने आधी गेलो असतो तर वाचला असता का, हे त्या डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. पित्तनलिकेचा कर्करोग वाईटच, लवकर सापडला तरी सगळ्यांचा निघत नाही. पण शस्त्रक्रियेची संधी मिळाली असती की नाही, हा प्रश्न तरी शिल्लक राहिला नसता.

आपल्यापैकी काहींनी मुंबईचे सर्जन डॉ. वि. ना. श्रीखंडे यांचं ‘...आणि दोन हात’ हे आत्मचरित्र वाचलं असेल. पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियांसाठी ते नावाजलेले होते. वाचलं नसेल तर वाचनालयातून आणा.

म्हणून पिवळे डोळे दिसले की तीन गोष्टी विचारा. दुखतंय का? खाज आहे का? संडासचा रंग काय? चाळिशी ओलांडलेल्या माणसाला न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज आणि संडास पांढरट असेल, तर त्याच आठवड्यात रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. माळ घालायची असेल तर घाला, आईचं मन राहू दे, पण सोनोग्राफीच्या रांगेत घाला. आणि घरात कुणी गरोदर असेल तर एक दिवसही थांबू नका.

शेवटी एक प्रस्ताव. आपण जमवलेल्या निधीचं काय करायचं यावर संध्याकाळी बैठक आहे. सध्या यादीत पहिलं नाव प्रवेशद्वाराच्या कमानीचं आहे. कमान सुंदर होईल, माझा विरोध नाही. पण सकाळी मी शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघून आले. झाकण तुटलंय आणि आत किती वर्षांचा गाळ आहे ते शिपाईमामांनाही सांगता आलं नाही. बाराशे मुलं ते पाणी पितात. टाकी धुऊन घेणं, नवं झाकण, गच्चीवर जायच्या जिन्याला कुलूप, आणि रोजच्या ओटी चाचणीचं कीट. ग्रामपंचायतीत करतात तीच चाचणी : नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, दोन-चार थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरिन आहे. तिथं पिवळं चांगलं. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी दिसला पाहिजे. हे नववीची मुलं करतील आणि वहीत तारीख, वेळ, रंग लिहितील. वही फेकायची नाही, ही माझी एकच अट. सध्याच्या शास्त्राच्या सरांशी बोलले आहे, ते तयार आहेत. सगळं मिळून कमानीच्या खर्चाच्या दहाव्या भागातही बसतं. बैठक साडेपाचला, आपल्या जुन्या दहावी ‘अ’च्या वर्गात आहे. हात वर करायला या.